दुसरा ट्रंपेट

मुलुंड (पूर्व)
९ जानेवारी २०२५

भाऊराव भावजींना मालनचा जय भीम.

विक्रोळीच्या खोलीत नळाला पाणी पहाटे पावणेसहाला यायचं. मी आधी हंडा लावायचे, मग कळशी, मग पिंपाची नळी. हंडा भरेपर्यंत चूल पेटवून चहाचं आधण ठेवायचं, सर्वेशचा शाळेचा डबा काढायचा, पीठ भिजवायचं. तेवढ्यात हे खाटेच्या कडेला बसून ट्रंपेट काढायचे. शेजारी ओरडतील म्हणून ट्रंपेटच्या तोंडात जुना बनियन कोंबायचे. त्यातून आवाज असा यायचा, जसं कोणी लांबून, दोन भिंतींपलीकडून वाजवतंय. थोडं वाजवायचे आणि मध्येच थांबायचे. नुसता पायाचा अंगठा लादीवर टक टक आपटत बसायचे. मी म्हणायची, "दम लागला का?" तर म्हणायचे, "आता भाऊरावची पाळी." मला वाटायचं, पाणी भरायची पाळी तुमची आहे म्हणून थट्टा करतायत. मी पण म्हणायची, "मग बोलवा त्याला, कळशी उचलायला." पहिल्या थांब्याला मी हंडा काढून कळशी लावायचे. दुसऱ्या थांब्याला नळी. मग हे ट्रंपेट पुसून ठेवायचे आणि पहिल्या पाळीला जायचे.

अशी चाळीस वर्षं गेली. तुमचं नाव आमच्या घरात रोज सकाळी निघायचं, म्हणून ओळख नसल्यासारखी असून पत्र लिहिते आहे. लग्नानंतर विक्रोळीला तुम्ही दोनदा जेवायला आला होतात, एवढंच मला आठवतं. सुक्या बांगड्याला नावं ठेवली होतीत.

हे गेले त्याला डिसेंबरच्या एकोणीस तारखेला वर्ष झालं. तुम्हाला पत्र, फोन, सगळं केलं होतं. तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहिलं गेलं.

आता कामाचं. आमच्याकडे एक मोठी काळी रेकॉर्ड आहे, कंपनीतल्या पारशी साहेबांनी यांना दिलेली. कव्हरवर पांढऱ्या कोटातला एक काळा माणूस आहे, गाल फुगवून ट्रंपेट आभाळाकडे धरलेला. नाव वॉल्टर प्रूइट. खाली १९५६. मी इंग्रजी अक्षरं लावून वाचते, चूक असेल तर सांभाळून घ्या. हे दर रविवारी ती रेकॉर्ड काढायचे, मऊ फडक्याने गोल गोल पुसायचे आणि परत कपाटात ठेवायचे. ती वाजवायचं मशीन आमच्याकडे कधीच नव्हतं. मी विचारलं होतं, "सकाळी वाजवता ते कुठलं गाणं?" म्हणाले, "ह्यातलंच."

यांच्या वर्षाच्या दिवशी माझ्या सुनेने, रुचिराने, मशीन आणलं. मला काही न सांगता. पोरीने पगारातून आणलं. आम्ही तिघं सतरंजीवर बसलो. दोन्ही बाजू ऐकल्या. काय ते वाजवणं! मला त्यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा आला. एवढी माणसं एकदम वाजवतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही.

पण भावजी, यांचं गाणं त्यात नाही. मी चार वेळा ऐकलं, मग रोज ऐकलं. नाही. सर्वेश म्हणाला, "आई, जाऊ दे ना. पप्पा मनाचंच कायतरी वाजवत असतील. तुला सांगायला म्हणून रेकॉर्डचं नाव घेतलं." तो सहज बोलला. मला सहज वाटलं नाही. या माणसाने मला आयुष्यात खोटं सांगितलं नाही. पगाराचं पाकीट न उघडता हातात द्यायचे. मग रोज सकाळी, चाळीस वर्षं, एवढं एकच खोटं कशाला?

सर्वेशने तुमचा नंबर लावला होता. तुमचा पुतण्या दशरथ बोलला. तो म्हणाला, काका फोनवर येत नाहीत, पत्र लिहा. म्हणून हे पत्र. तुम्ही त्यांच्याबरोबर वाजवलंय. तुम्हाला माहीत असणार. एवढं सांगा.

मालन

•

कणकवली
२३ जानेवारी

मालनवहिनी, जय भीम. हा शब्द मला धोंडिरामनेच शिकवला, म्हणून तसाच लिहितो.

पत्र पावलं. धोंडिराम गेल्याचं कळलं तेव्हा यायला हवं होतं. आलो नाही. कारण लिहिण्यासारखं नाही.

बांगड्याला नावं ठेवली नव्हती. कोकणातल्या माणसाला मुंबईत सुका बांगडा वाढला, म्हणून हसलो होतो. चौथी भाकरी मागून घेतली ती नाही आठवत तुम्हाला?

रेकॉर्ड मला ठाऊक आहे. साहेबांच्या बंगल्यावर रविवारी आम्ही ती ऐकायचो. दारात चपला काढून, गालिच्यावर न बसता लादीवर बसून. कारखान्याच्या बँडात सलामी आणि लग्नाची गाणी वाजवणारी माणसं आम्ही. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी घरी जाताना हायवेपर्यंत दोघंही एक अक्षर बोललो नव्हतो. मग धोंडिराम म्हणाला, "भाऊ, हा माणूस वाजवत नाही रे, चालतोय. हवेत चालतोय." एवढं मला स्वच्छ आठवतं.

गाण्याचं मात्र नीट आठवत नाही. फार वर्षं झाली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फोन नको, माझी सवय मोडलीय.

भाऊराव

•

मुलुंड
१ फेब्रुवारी

भावजींना जय भीम.

चार भाकऱ्या आठवल्या. पाचवी पण खाल्ली होती, ती तुम्ही लपवता आहात.

तुम्हाला नीट आठवत नाही असं लिहिलंत, ते मला पटलं नाही. जे पहिल्यांदा ऐकून माणूस हायवेपर्यंत गप्प चालतो, ते तो विसरत नाही. म्हणून सर्वेशला सांगून सगळी रेकॉर्ड पेनड्राइव्हमध्ये भरून घेतली. सोबत पाठवते. दशरथला लावायला सांगा, टीव्हीला पण लागतो म्हणे. शांतपणे ऐका आणि यांची चाल कुठे आहे ते लिहा. मी यांची चाल शब्दांत लिहू शकत नाही, मला सारेगम येत नाही. नुसतं सांगते, सुरुवातीला ती फारशी हलतच नाही. एकाच जागी उभं राहून जरा इकडे, जरा तिकडे बघावं, तशी. मग थांबा. मग परत तशीच, पण शेवटी खाली उतरते, जिना उतरल्यासारखी.

खरं सांगायचं तर मला घाई आहे. ती चाल मी रोज मनात म्हणते. गेल्या महिन्यात एक दिवस म्हणायला गेले तर अर्ध्यावर दुसरंच काही आलं, टीव्हीवरच्या जाहिरातीचं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले, गॅस बंद केला, पण आठवेना. दुपारी आली परत. पण मला भीती बसली. यांचे कपडे दिले, चष्मा दिला, त्याचं काही वाटलं नाही. ही चाल गेली तर मग काय उरलं?

मालन

•

कणकवली
१९ फेब्रुवारी

मालनवहिनी, जय भीम.

पेनड्राइव्ह मिळाला. दशरथने लावून दिला. सगळं ऐकलं. जुने दिवस आठवले, डोळे भरून आले. प्रूइट तो प्रूइटच.

तुम्ही म्हणता ती चाल पहिल्याच गाण्यात आहे. मध्यावर. तुमच्या कानाला सवय नाही म्हणून कळली नसेल. मी ओळखली. तेव्हा धोंडिराम खोटं बोलला नाही, तुम्ही निर्धास्त राहा. सर्वेशलाही तसं सांगा.

इकडे आंब्याला मोहर बरा आहे. तब्येत सांभाळा.

भाऊराव

•

मुलुंड
२७ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पहिलं गाणं अकरा वेळा लावलं. मध्यावर काही नाही. मध्यावर पियानो आहे.

संध्याकाळी सर्वेश ऑफिसमधून आला. म्हणाला, "आई, एक घोळ झालाय. पप्पांची गाणी भरलेला पेनड्राइव्ह माझ्या बॅगेतच राहिला. तुला दिला तो कोरा होता."

भावजी, तुम्ही कोरा पेनड्राइव्ह ऐकलात आणि तुमचे डोळे भरून आले.

मी फार शिकलेली नाही. पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले, मग विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचली. पण कोण मला समजावतंय आणि कोण गुंडाळतंय, एवढं कळतं. मला गप्प करायला तुम्ही मेलेल्या माणसाच्या गाण्याची खोटी जागा सांगितलीत. यांना तुम्ही मित्र म्हणायचात. दर जयंतीला हे तुम्हाला कार्ड लिहायचे, "कधी येतोस?" आणि तुमचं उत्तर यायचं, "पुढच्या वर्षी." ती कार्डं मी बघितली आहेत. पस्तीस आहेत.

खरं काय ते लिहायचं असेल तर लिहा. नाहीतर राहू द्या.

मालन

•

कणकवली
१५ मार्च

मालनवहिनी,

तुमचं पत्र आठ दिवस उशाखाली होतं. आज लिहितो.

मला ऐकू येत नाही. अजिबात नाही. पेनड्राइव्ह लावलाच नव्हता. कारखान्यात मी पत्रा ठोकायच्या खात्यात होतो, तिथेच सुरुवात झाली. बँड बंद झाला, मी राजीनामा देऊन गावी आलो, तेव्हा डावा कान गेला होता. मग दहा-बारा वर्षांत उजवा. मशीन लावून बघितलं, नुसती खरखर. आता दशरथची बायको पाटीवर लिहून जेवायला बोलावते.

धोंडिरामला हे मी कधीच कळवलं नाही. पहिल्या ट्रंपेटवाल्याने दुसऱ्याला काय लिहायचं, माझे कान गेले? पुढच्या वर्षी येतो, असं लिहायचो. दरवर्षी खरंच वाटायचं की काहीतरी इलाज निघेल. तो गेल्याचं कळलं तेव्हा वाटलं, आता तिकडे जाऊन कुणाशी काय बोलू, लोक बोलतील आणि मी तोंडाकडे बघत बसेन.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या पत्रातच द्यायला हवं होतं, पण ते दिलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

धोंडिराम वाजवायचा ते त्या रेकॉर्डमध्ये आहे. पण ते गाणं नव्हे. तो गाण्याचा खालचा भाग आहे. रेकॉर्डवर दोन ट्रंपेट आहेत. वरचा प्रूइट, कव्हरवरचा. त्याच्याखाली दुसरा. वरचा जे गाणं म्हणतो, त्याच्याखाली दुसरा वेगळी चाल धरून असतो, आणि वरचा एकटा मोकळा सुटतो तेव्हा दुसरा गप्प राहून ठोके मोजतो. मी पहिला होतो, धोंडिराम दुसरा. आम्ही एक वर्षभर ते बसवलं, कंपनीच्या वार्षिक दिनाला वाजवायचं म्हणून. त्याच्या महिनाभर आधी बँड बंद केला. एकदाही लोकांसमोर वाजलं नाही.

तो मध्येच थांबून अंगठा आपटायचा असं तुम्ही लिहिलंत. वहिनी, ती माझी जागा. थट्टा नव्हती ती. तिथे मी वाजवायचो. ते वाचलं त्या दिवसापासून मला झोप नाही. मी इकडे पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी लिहीत होतो आणि तो रोज सकाळी मला जागा ठेवून थांबत होता.

जागा नेमकी कुठली ते मात्र मला आज सांगता येत नाही. सहा-सात गाणी आम्ही बसवत होतो, दुसऱ्याचं काय असायचं ते पहिल्याला पाठ नसतं. धोंडिरामची वही असती तर कळलं असतं. आम्हाला इंग्रजी नोटेशन यायचं नाही. बँडमास्तरने शिकवलेली पद्धत होती. ट्रंपेटला तीन बटणं. कुठलं दाबायचं त्याचा आकडा लिहायचा. १, २, १२, २३. एकही दाबायचं नसेल तर शून्य. गप्प बसायचं तिथे आडवी रेघ, एका रेघेला चार ठोके. पण ती वही पाण्याच्या पिंपात पडून खराब झाली, असं तो म्हणाला होता. तोपर्यंत साहेब कंपनी सोडून निघाले होते, सामान बांधून झालं होतं, मशीन खोक्यात गेलं होतं. म्हणून साहेबांनी रेकॉर्डच त्याला दिली, "केव्हातरी मशीन घे आणि परत उतरव." मला दिली नाही, माझी वही शाबूत होती.

रागावलात तर चालेल. लिहीत मात्र राहा.

भाऊराव

•

मुलुंड
२३ मार्च

भाऊराव भावजींना जय भीम.

रागावले नाही. कान गेले म्हणून कोणी लपून बसतं का? आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ऐकू येत नाही आणि तेच जास्त बोलतात.

वही पिंपात पडली नव्हती. मी जाळली.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, आणि आजपर्यंत मला ते पाप आहे हेही माहीत नव्हतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. आमच्या लायनीत एकाने मटक्यात खोली घालवली होती. बायको पोरं घेऊन रस्त्यावर आली, माझ्या डोळ्यांसमोर. त्याच महिन्यात मला यांच्या ट्रंकेत ती वही सापडली. पानंच्या पानं आकडे. शून्य, बारा, तेवीस. मध्ये रेघा. मला तेव्हा आकडे आणि थोडी अक्षरं एवढंच येत होतं. मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे असेच लिहितात हे ऐकून माहीत होतं. मी चार दिवस, हे कामाला गेले की, ती वही घेऊन बसायचे. बोट ठेवून एकेक आकडा वाचायचे, कुठला कधी लागला असेल म्हणून. भावजी, माझ्या आयुष्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं ते पहिलं पुस्तक. पाचव्या दिवशी बंबात घातली.

हे दोन दिवस शोधत होते. मी "माहीत नाही" म्हटलं. तिसऱ्या दिवशी यांनीच बंबाची राख काढली. राखेत वहीच्या पिना होत्या. त्या तळहातावर घेऊन माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मारतात. यांनी पिना खिडकीतून टाकल्या आणि आंघोळीला गेले. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचं वाजवणं सुरू झालं. मला वाटलं, मटका सुटला, म्हणून मन रमवतायत. मी मनात म्हटलं, बरं केलंस मालन, घर वाचवलंस. चाळीस वर्षं मला त्याचा अभिमान होता.

आता कळलं की लिहिलेलं गेलं, म्हणून ते विसरू नये एवढ्यासाठी रोज वाजवत होते. एकदा जरी म्हणाले असते, "अगं वेडे, ती बोटं होती." नाही म्हणाले. मी कुठे तोंड दाखवू असं झालं असतं मला, ते त्यांना माहीत होतं.

सर्वेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू पप्पांची पूर्ण वाट लावलीस यार." आणि मला जवळ घेतलं.

एक विचारते, स्पष्ट विचारते. यांना दुसरा का ठेवलं? आमची जात बघून का?

आणि दुसरं. त्या वहीचं पहिलं पान मला पाठ आहे. चार दिवस तेच तेच वाचलं होतं, जाणार कुठे. पहिली ओळ अशी होती: शून्य, बारा, शून्य, एक, तेवीस, शून्य. तेच परत एकदा. मग आठ आडव्या रेघा. मग शून्य, बारा, शून्य, एक, तेरा, बारा, तेरा, शून्य. पुढचं पान आठवत नाही.

याचा तुम्हाला काही उपयोग होईल का?

मालन

•

कणकवली
१ एप्रिल

मालनवहिनी, जय भीम.

आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. पहिला-दुसरा मास्तरने ठरवलं. का, ते मी विचारलं नाही. मला पहिला केलं होतं, मी कशाला विचारतोय? माझा ओठ वरच्या सुरांना चढायचा, एवढं खरं आहे. पण त्याचाही चढला असता. त्याला चढवून बघितलंच नाही कुणी. हे मला आज दिसतं, तेव्हाही दिसायला हवं होतं. तालाला मात्र तो माझ्याहून पक्का होता. मी मोकळा सुटलो की पुष्कळदा वाट चुकायचो. मग त्याच्या अंगठ्याकडे बघायचो आणि घरी परत यायचो.

आता ऐका. तुमचं पत्र आलं तेव्हा मी पडवीत होतो. माझा ट्रंपेट माळ्यावर होता, वीस वर्षं काढला नव्हता. दशरथला वर चढवला. बटणं गंजून बसली होती, खोबरेल सोडून मोकळी केली. तोंडाला लावला नाही. लावून काय करणार? मांडीवर धरला आणि तुमचे आकडे समोर ठेवून नुसती बोटं चालवली. शून्य, बारा, शून्य, एक, तेवीस, शून्य.

वहिनी, आकडा बोटांचा असतो, सूर ओठ ठरवतो. एका शून्यात चार-पाच सूर बसतात. म्हणून दुसऱ्या कुणाला त्या आकड्यांतून काही कळलं नसतं. पण मला माझी चाल पाठ आहे, कान गेले तरी ती डोक्यात वाजते. उजव्या हाताने मी धोंडिरामची बोटं चालवली आणि डोक्यात माझं वरचं म्हणत गेलो. पहिल्या दोन गाण्यांना बसेना. तिसऱ्याला बसेना. मग एकाला असं बसलं, कुलपात किल्ली फिरावी तसं. आठ रेघा आल्या, माझी बोटं आपोआप उचलली गेली, आणि डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर आपटायला लागला. मी नाही आपटला. बत्तीस ठोके झाले आणि बोटं परत खाली आली, बरोबर जागेवर.

त्या बत्तीस ठोक्यांत मला माझा ट्रंपेट ऐकू आला. आणि त्याच्या आधी नि नंतर, खाली, तो. सत्तावीस वर्षांत मी काही ऐकलं नव्हतं. दशरथची बायको बाहेर आली, पाटीवर मालवणीत लिहिलं, "काय झाला?" मी लिहिलं, "बँड बसलो."

मागची बाजू लावा. तिसरं गाणं. सुरुवातीला ड्रम एकटा आहे, मग दोन्ही ट्रंपेट एकदम येतात. वरच्याकडे लक्ष देऊ नका. तो लक्ष वेधणारच, त्याचं कामच ते. साहेब सांगायचे, कव्हरवरच्या माणसाकडे पाठ करून ऐका. तसं करा. खालचा ऐका.

आणि मला लिहा. वरचा कसा वाजतो ते नको, तो माझ्यापाशी आहे. खालचा कसा वाजतो ते लिहा.

भाऊराव

•

मुलुंड
११ एप्रिल

भाऊराव भावजींना जय भीम.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. घरात मी एकटी होते. कव्हर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मागची बाजू लावली, सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवायला मला तीन खेपा लागल्या.

ड्रम आला. मग तो मोठा आवाज आला, पहिल्याचा. मी त्याला म्हटलं, जा बाबा तू पुढे. आणि वाकून बसले, मशीनच्या जवळ.

आधी काही नाही. मग होतं. भावजी, तिथेच होतं! मी त्याच्यावरून तीन महिने रोज चालत होते. वरच्याला चिकटून, त्याच्या सावलीत, एका जागी उभं राहून जरा इकडे, जरा तिकडे. यांची चाल. बनियन नाही तोंडात, मोकळी. मी यांना कधी मोकळं वाजवताना ऐकलंच नव्हतं. मोठ्या खोलीत दार उघडं ठेवून वाजवल्यासारखं. मला वाटायचं ती चाल उदास आहे. ती उदास नाही. वर गाणं असलं की ती हसरी आहे. मी अर्धंच ऐकत होते, आणि अर्धं ऐकून यांना वाईट वाटतंय असं समजत होते.

मग आठ रेघा आल्या. खालचा थांबला. वरचा एकटा सुटला, आणि तेव्हा मला कळलं की यांना त्या वेळी काय ऐकू यायचं. अंगठा आपटत, डोळे मिटून, खाटेच्या कडेला. मी म्हणायची, दम लागला का? दम कसला! त्यांच्यासमोर हा असा माणूस हवेत चालत होता. तुम्ही चालत होता. आणि मी मध्ये हंडा आपटत होते.

माझे हात, भावजी. वरचा सुटला तसे माझे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले. मला कळेना काय होतंय. हात हंड्याच्या काठाला धरतात तसे झाले होते. बत्तीस ठोके. तेवढ्यात हंडा काढून कळशी लावायची असते. चाळीस वर्षं मी त्या गाण्यात पाणी भरत होते आणि मला माहीत नव्हतं.

खालचा परत आला, बरोबर जागेवर. आणि शेवटी जिना उतरला.

मी ते किती वेळा लावलं ते मोजलं नाही. मग भिंग घेऊन कव्हरच्या मागचं बारीक लिहिलेलं वाचलं. वाजवणाऱ्यांची नावं आहेत. प्रूइट मोठ्या अक्षरात. त्याच्या खाली ट्रंपेट म्हणून दुसरं एक नाव आहे, पण तिथला कागद झिजून पांढरा झालाय. धरताना यांचा अंगठा तिथेच पडायचा. आडनावातली दोनच अक्षरं उरलीत. तो कोण होता कोण जाणे. सत्तर वर्षांपूर्वी कुठल्या तरी खोलीत उभा राहून त्याने एवढं वाजवलं, ठोके मोजले, आणि घरी गेला असेल. त्याचीही बायको असेल. तिने ही रेकॉर्ड ऐकली असेल तर तिला नवरा सापडला असेल का, की तीही कव्हरवरच्या माणसाचंच ऐकत राहिली? आणि त्याने सोडलेला श्वास तिकडून निघून विक्रोळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आमच्या चुलीपर्यंत आला. मी त्याचा विचार करायला लागले की माझं डोकं चालत नाही. नुसतं बघत राहावंसं वाटतं.

संध्याकाळी सर्वेश आला. काही न सांगता मी गाणं लावलं. म्हटलं, वरचा सोड, खाली ऐक. तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. मग म्हणाला, "आई, हे तर दात घासायचं गाणं!" तो लहानपणी त्या वेळी मोरीत दात घासत असायचा. मग तो खाली बसला, बूट हातात घेऊनच. रुचिरा विचारत होती, "काय झालं, मला पण सांगा ना," आणि मी सुई परत तिसऱ्या गाण्यावर ठेवली.

यांना दुसरा ठेवला, ते तुम्ही खरं लिहिलंत. त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच, गाणं सापडलं म्हणून ते जात नाही. पण खोटं बोलले नव्हते. "ह्यातलंच" म्हणाले होते, ते ह्यातलंच होतं. "आता भाऊरावची पाळी" म्हणाले होते, ती तुमचीच पाळी होती. यांनी सगळं सांगितलं होतं, मला ऐकायला यायचं नाही.

खालचा कसा वाजतो ते लिहा म्हणालात. चुकत नाही. तुमची वाट बघतो, आणि तुम्ही आलात की असा येतो, जसं काही तुम्ही गेलाच नव्हतात.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर यांचं नाव घातलं, शून्य, बारा, शून्य, एक, तेवीस, शून्य अशी आठवते तेवढी ओळ लिहिली, आठ रेघा ओढल्या, प्रत्येक रेघेच्या वर तुमच्या आकड्यांसाठी जागा कोरी सोडली, आणि पोस्टात जाऊन वही तुमच्या पत्त्यावर पाठवली.

मालन